मालवणचं कौतुक खुशाल करा, पण त्यासाठी सोलापूरला बेशिस्त कशाला म्हणता?

कन्नाचौक (धागाकर्ता)

परवा 'किनारी_सोलापूरकर' यांनी एक लांबलचक पोस्ट टाकली. सार असं की, कोविडमध्ये मालवणच्या नगरपरिषदेनं गाव टप्प्याटप्प्यानं, न गोंधळता उघडलं आणि आपल्या महापालिकेला नुसतं बंद-चालू, बंद-चालू करता आलं. शेवटचं वाक्य तर कहर: 'सोलापूरकरांना शिस्त नाही, म्हणून जुलैत दहा दिवस कोंडावं लागलं.' खाली टाळ्या वाजवणारे जमले. म्हणून इथं वेगळं लिहितोय.

मालक, मालवण वीस हजारांच्या आतलं गाव. सोलापूर 2011 च्या जनगणनेत 9,51,558. हे सोडून देऊ, लोकसंख्येचं रडगाणं सगळेच गातात. मला सांगा, जून 2020 मध्ये राज्यानं 'मिशन बिगिन अगेन' जाहीर केलं तेव्हा मालवणला उघडण्यासारखं होतं काय? 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी, ती दरवर्षीचीच. सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी पावसाळ्यात एरवीही बंद. पर्यटक नाही, त्यामुळं हॉटेलं रिकामीच. जे दरसाल बंद असतं ते बंद ठेवलं, यात शिस्त कुठली आली? आमच्या यंत्रमागाला पावसाळ्याची सुट्टी नसते. माग थांबला की त्या आठवड्याचा पगार थांबला.

आणि 'घरात बसा' म्हणायला घर हे घर असावं लागतं. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात घर म्हणजेच कारखाना. माझी आई विड्या वळते. शहरात अशा हजारो बायका आहेत. ब्रँचमध्ये, म्हणजे विडी कारखान्याच्या शाखेत, गर्दी नको म्हणून ठरलं की पान-तंबाखू घरपोच द्यायचा आणि विड्याही घरूनच उचलायच्या. कागदावर किती छान! प्रत्यक्षात एका कारखान्याची गाडी आमच्या गल्लीच्या तोंडाला यायची, पानाचे पुडे उतरवायची आणि निघून जायची. पान जुनं, भिजवलं तरी कापताना चुरा व्हायचा. विड्या घेऊन गेले की छाट, म्हणजे खराब म्हणून बाद केलेल्या विड्या, किती काढली ते नंतर कळायचं. एरवी आई ब्रँचमध्ये विड्या तपासणाऱ्या चेकरच्या समोर उभी राहून विड्यांच्या एकेका कट्ट्यावरून भांडते. तिची कमाई त्या भांडणावर अवलंबून असते. घरपोच झालं आणि तिचं तोंडच बंद झालं. हे मालवणात कुणाला सोसावं लागलं का?

किनारी_सोलापूरकर

मी बाळीवेशीत वाढलोय, मला पूर्व भाग शिकवू नका. बँकेच्या बदलीनं इकडे मालवणला आलो म्हणून परका झालो का?

मी लोकसंख्येबद्दल बोललोच नव्हतो. लोकांना आधी सांगणं, याबद्दल बोललो होतो. 2020 च्या गणपतीला चाकरमानी येणार हे इकडे सगळ्यांना माहीत होतं. 12 ऑगस्टच्या आत पोहोचा, दहा दिवस विलगीकरणात राहा, हे गावोगावी कळलेलं होतं. शाळा रिकाम्या करून ठेवल्या होत्या. वाद झाले, मुंबईकर आणि गाववाले यांची तोंडं झाली, पण नियम काय ते शेंबड्या पोरालाही ठाऊक. तिकडे माझे वडील रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅपवर आदेशाचा फोटो यायची वाट बघत बसायचे. सकाळी दूध किती वाजेपर्यंत, तेही नक्की नाही. तीन पालकमंत्री पाहिले आपण त्या सुरुवातीच्या काळात! वळसे पाटील, आव्हाड, भरणे. खुर्ची गरम व्हायच्या आत बदल.

तुमच्या आईचं ऐकून वाईट वाटलं. पण चेकरनं छाट जास्त काढली याचा जाब महापालिकेला कसा विचारणार?

चाटीगल्ली

दोघांनीही एक दिवस आमच्या चाटी गल्लीच्या कापडबाजारात दुकान लावून बघावं. 5 जून 2020 पासून तो सम-विषमचा प्रकार आला, एका दिवशी रस्त्याची एक बाजू उघडी, दुसऱ्या दिवशी दुसरी. हा नियम ज्यानं काढला त्यानं चाटी गल्ली पाहिलेली नाही. समोरच्या दुकानात बसलेल्या माणसाच्या हातातला चहा आम्ही इकडून घेऊ शकतो. उघड्या बाजूला दुप्पट गर्दी आणि बंद बाजूचा मालक पायरीवर बसून गिऱ्हाइकाला खुणावतोय. अंतर राखायचं होतं ना?

दोन वर्षांची लगीनसराई गेली. 2020 चा एप्रिल-मे गेला, 2021 चाही गेला. भरलेला माल तसाच. आणि 2021 ला तर कळसच. 7 जूनपासून निर्बंधांचे पाच स्तर आले. 10 लाखांवरच्या महापालिका वेगळ्या मोजायच्या, बाकीच्या जिल्ह्यात धरायच्या. आपण 48 हजारांनी कमी पडलो! म्हणजे शहरात रुग्ण उतरलेले, पण तालुक्यांत वाढलेले म्हणून शटर आमचं खाली. दहा वर्षांपूर्वीची शिरगणती काढून आमची दुकानं बंद ठेवायची. आमच्याकडून कर घेताना बरं शहर वेगळं असतं.

सिस्टरअक्का

दुकान चारला बंद की सातला, यावर किती शाई सांडाल? मी त्या काळात वॉर्डात काम केलंय, आता निवृत्त आहे. 12 एप्रिल 2020 ला तेलंगी पाच्छा पेठेत पहिला रुग्ण सापडला, त्यानंतरचे दोन महिने मला आठवायचे नाहीत. जूनमध्ये तर नोंद राहून गेलेले मृत्यू मागाहून यादीत घालावे लागले. यादीत न आलेल्या माणसांच्या घरी काय चाललं होतं, ते आम्हाला ठाऊक होतं.

16 जुलैच्या रात्रीपासून 26 पर्यंत जे बंद केलं ते तुम्हाला शिक्षा वाटली. त्या दिवसांत अँटिजेन तपासण्या धडाक्यात झाल्या, म्हणून आकडा वाढलेला दिसला. मग लोक म्हणायला लागले, 'तपासता म्हणून सापडतात.' वा! एका शिबिरात एक व्यापारी भावाचं आधार कार्ड घेऊन आला होता. फोटो बघून म्हटलं, दादा, तुमच्या मिशा कुठं गेल्या? तर म्हणतो, लॉकडाउनात काढल्या. हसू आलं, पण त्या पीपीई किटमध्ये जुलैच्या उकाड्यात उभं राहून हसायचंसुद्धा त्राण नव्हतं.

महापालिकेनं चुका केल्या नाहीत असं मी म्हणत नाही. पण ते दहा दिवस गरजेचे होते.

चाटीगल्ली

अक्का, मिशीवाला आमच्या गल्लीतला नव्हता, एवढं नोंदवून ठेवा.

कन्नाचौक

अक्का, तुमच्याशी वाद घालायची माझी हिंमत नाही. दहा दिवस गरजेचे होते, मान्य. पण ते कुणाच्या खिशातून गेले? पगारदाराचे पगारी गेले, मागावरच्या माणसाचे उपाशी.

उजनी_पीडित

सगळं वाचलं. एका शब्दानंही कुणी पाण्याचं काढलं नाही, कमाल आहे. हात धुवा, वीस सेकंद धुवा, पुन्हा पुन्हा धुवा. कशानं धुवायचे बे? नळाला पाणी चार-पाच दिवसांनी. 2016 ला पहिल्या 20 स्मार्ट सिटींत नाव आलं म्हणून फटाके उडवले होते आपण. उजनी धरण आपल्या जिल्ह्यात, आणि आपण पिंप भरून त्यावर फडकं बांधून बसतो. आमच्याकडं पाणी यायचं रात्री दोनला. सगळी गल्ली बाहेर, घागरी, मोटारी, आरडाओरडा. दिवसा संचारबंदी आणि रात्री दोनला जत्रा. कुठं गेलं तुमचं अंतर?

माढेकर

आलं उजनीवर! सोलापूरकरांच्या कुठल्याही गप्पा दहा मिनिटांत आमच्या शेतावर येतात. पाणी आम्ही पितो असंच म्हणायचंय ना?

उजनी_पीडित

पिता की. शहरासाठी नदीत सोडलेलं पाणी औज बंधाऱ्यात पोहोचेपर्यंत निम्म्यावर मोटारी असतात, हे काय आम्हाला दिसत नाही? टाकळीच्या पंपांना शहरासाठी उपसा करायला किती उरतं?

माढेकर

अहो, ती पद्धत कुणी ठेवली? एवढ्या मोठ्या शहराला प्यायला पाणी लांबच लांब नदीपात्रातून सोडायचं, निम्मं वाळूत आणि उन्हात घालवायचं आणि वर शेतकऱ्याला चोर म्हणायचं. दुसरी जलवाहिनी वेळेत टाकली असती तर तुमचंही भागलं असतं आणि आमचंही. ती कुणी रखडवली? आम्ही? 2021 ला उजनीतलं 5 टीएमसी इंदापूरला न्यायचा घाट घातला तेव्हा रस्त्यावर कोण आलं? ऐन दुसऱ्या लाटेत, मास्क लावून, आम्ही आलो. शेवटी मे महिन्यात तो निर्णय रद्द करावा लागला. तेव्हा तुमची स्मार्ट सिटी झोपली होती.

उजनी_पीडित

झोपली नव्हती, पाण्याची वाट बघत जागी होती.

किनारी_सोलापूरकर

पाण्यावरून आठवलं. इकडे विहिरी आहेत म्हणून सगळं सोपं होतं असं समजू नका. मे 2021 ला तौक्ते वादळ आलं, वीज गेली, पंप बंद. घराघरांत रुग्ण आणि विहिरीतून हातानं पाणी शेंदणं. खांब उभे करायला माणसं बाहेरून आली, त्यांना ठेवायचं कुठं यावर खल. एका बाजूनं साथ, एका बाजूनं वादळ. सोलापूरला निदान छप्पर तरी उडालं नाही.

निवृत्त_मास्तर

मंडळी, धागा शहर उघडण्याबद्दल आहे. जरा मूळ मुद्द्यावर येऊ या का? या शहरानं 1930 चा मार्शल लॉ पाहिलाय. लक्ष्मी-विष्णू गिरणी बंद पडली तेव्हा हजारो घरं एका फटक्यात बसली, ती परत उभी करायला कुठलीही टप्प्याटप्प्याची योजना आली नाही. त्यामुळं 'उघडणं' हे सरकारच्या आदेशानं होतं यावर इथल्या माणसाचा फारसा विश्वास नाही. बेशिस्तीपेक्षा हा अनुभव...

उजनी_पीडित

मास्तर, तुम्ही जुळे सोलापूरला बोअर मारून निवांत बसलाव. तुम्हाला मूळ मुद्दा सुचणारच.

निवृत्त_मास्तर

माझ्या बोअरला मार्चपासून पाणी नसतं. टँकर मागवतो, स्वतःच्या निवृत्तिवेतनातून. तोंड सांभाळून बोला.

माढेकर

मास्तर, टँकर कुठल्या विहिरीवर भरतो तेही विचारा एकदा.

चाटीगल्ली

पाण्याचं पुरे हो! पंढरपूरची पोटनिवडणूक विसरलात का सगळे? 14 एप्रिल 2021 च्या रात्री राज्यभर कडक निर्बंध, आणि पंढरपूर-मंगळवेढ्याला 17 तारखेच्या मतदानापर्यंत मुभा. विषाणूनं आचारसंहिता पाळली म्हणायचं! सभांना माणसं चालतात, साडी घ्यायला दोन बायका चालत नाहीत. आणि नंतर तालुक्यांची रुग्णांची टक्केवारी वाढली की भोगायचं आम्ही.

सिस्टरअक्का

यावर मात्र माझ्याकडे उत्तर नाही. त्यानंतरच्या पंधरवड्यात तिकडून येणाऱ्या रुग्णवाहिका आम्ही पाहिल्यात. इथं चाटीगल्लीवाले बरोबर बोलले, इतकंच मान्य. सम-विषमबद्दल नाही.

चाटीगल्ली

सरकारी माणसानं अर्धं मान्य केलं, हेच पुष्कळ.

कन्नाचौक

आता किनारी साहेबांसाठी. मालवणची शिस्त, शिस्त म्हणताय ना? 2 ऑगस्ट 2021 चा राज्याचा आदेश काढून बघा. बहुतेक जिल्ह्यांना सूट मिळाली, 11 जिल्हे जुन्याच निर्बंधांत ठेवले. त्या 11 मध्ये सोलापूर आहे. आणि त्याच यादीत सिंधुदुर्ग पण आहे, शेजारी रत्नागिरीही. एवढं शिस्तीत उघडलं होतं तर मग हे काय?

किनारी_सोलापूरकर

ती यादी जिल्ह्यांची आहे. मालवण नगरपरिषदेचा त्यात काय दोष? कणकवली, सावंतवाडी, बाकी गावं, सगळ्यांचा आकडा एकत्र. एका गावाला जिल्ह्याच्या टक्केवारीत मोजणं हा अन्याय आहे.

चाटीगल्ली

ऐका, ऐका! मालवणला जिल्ह्यात मोजलं की अन्याय, सोलापूरला मोजलं की आम्ही बेशिस्त!

कन्नाचौक

मी हेच म्हणणार होतो, चाटीगल्लीवाल्यांनी आधीच हाणलं. मालक, आकडा कुणाच्या गळ्यात अडकवायचा हे ज्यानं ठरवलं त्याला विचारा. गल्लीतल्या माणसाला नका विचारू.

किनारी_सोलापूरकर

ठीक आहे. शिस्तीबद्दलचं ते शेवटचं वाक्य काढतो. तुम्ही सगळे मिळून सुखी व्हा. पण आदेश रात्री अकराला फोटोतून यायचे, हे तुमच्यापैकी एकानंही खोडून काढलेलं नाही. बाकी पोस्ट आहे तशीच राहील.

कन्नाचौक

आदेशाचं कोण खोडतंय? ते तुमचं बरोबरच आहे. पण आदेश आदल्या आठवड्यात आला असता तरी आईची छाट तेवढीच निघाली असती. घरपोचची अट घातली, तर छाट कोण तपासणार, बाईसमोर तपासणार की नाही, हेही त्याच कागदावर लिहायला हवं होतं. चेकरचा जाब महापालिकेला कसा विचारणार म्हणालात, तर असा. अट घालणारा कुणीही असो, त्याला. दुकानाच्या वेळा लिहायला चार पानं लागली, विडीवालीसाठी एक ओळ. मालवणात मासे विकणाऱ्या बायकांसाठी किती ओळी होत्या, तेवढं सांगा. खरंच विचारतोय.

किनारी_सोलापूरकर

ते मला विचारावं लागेल. समोरच्या आळीत एक मावशी बसतात बाजारात, त्यांना उद्या विचारतो.

निवृत्त_मास्तर

विचारून इथंच लिहा. आणि पाण्याच्या मंडळींनी कृपया स्वतंत्र धागा काढावा.

उजनी_पीडित

काढणार नाही. माढेकर, पळू नका. जलवाहिनी आम्ही रखडवली म्हणता, तर जमिनीच्या मोबदल्यावरून काम अडवलं कुणी, ते सांगा आधी.

माढेकर

जमीन फुकट द्यायची होती का? तुमच्या प्लॉटमधून पाइप घालू देता का बघू.