मदत हवी आहे : घाटात गाडी तापते; थर्मोस्टॅट स्वतः बदलावा की मेकॅनिककडे द्यावा?

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे २०१४ सालची, पेट्रोलवर चालणारी छोटी गाडी आहे. अमळनेरमध्ये किंवा धुळ्यापर्यंतच्या सपाट रस्त्यावर ती वैशाखातल्या उन्हातही कुरकुर करत नाही. मात्र चार माणसे बसवून आणि एसी लावून चाळीसगावच्या पुढे कन्नडचा घाट चढू लागलो, की इंजिनाचे तापमान वाढत जाते. ओबीडी पोर्टला (गाडीतल्या संगणकाचे आकडे वाचण्यासाठीच्या जोडणीला) जोडायचे एक स्वस्त यंत्र घेऊन मोबाइलवर आकडे पाहिले, तेव्हा सपाटीवर ९० ते ९५ अंश सेल्सिअस असणारे तापमान घाटाच्या मध्यावर १०८ च्या पुढे गेले होते. एसी बंद केला की ते सावकाश उतरते. लाल दिवा अद्याप लागलेला नाही आणि तो लागेपर्यंत थांबण्याची माझी इच्छा नाही, कारण तापून ॲल्युमिनियमचे हेड (इंजिनाचा वरचा भाग) वाकले तर त्या खर्चापुढे बाकी सगळी चर्चा व्यर्थ ठरेल.

इंजिन पूर्ण थंड असताना जे पाहता येते ते पाहिले आहे. होज पाइप किंवा क्लिपांपाशी कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) वाळल्याचे डाग नाहीत, वॉटर पंपाखाली ओल नाही, कूलंटच्या टाकीतली पातळी स्थिर आहे आणि रेडिएटरचा पंखा वेळेवर सुरू होतो. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर नाही, सायलेन्सरमधून पांढरा धूरही येत नाही. त्यामुळे हेड गॅस्केट (हेडखालचे सील) फुटल्याची शंका मी तूर्त बाजूला ठेवली आहे. उरतात दोन शक्यता : थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर उघडून कूलंट रेडिएटरकडे सोडणारी झडप) पूर्ण उघडत नसावा, किंवा रेडिएटरमध्ये आतून क्षार साचले असावेत. आधीच्या मालकाने कूलंटऐवजी बोअरचे पाणी भरले असावे असे रेडिएटरमधल्या गढूळ, तांबूस रंगावरून वाटते, आणि आमच्याकडच्या बोअरचे पाणी किती जड असते हे खान्देशातल्या कोणाला सांगायला नको.

गावातल्या मेकॅनिकदादांना दाखवले असता त्यांनी थर्मोस्टॅट काढूनच टाकण्याचा सल्ला दिला. "भाऊ, आपला आठे उन्हायामा त्यानं काय काम शे?" (आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याचे काय काम?) असे ते अहिराणीत म्हणाले. त्यांच्या हाताबद्दल मला आदर आहे, पण हा उपाय पटत नाही. थर्मोस्टॅट नसेल तर इंजिन योग्य तापमानाला उशिरा पोहोचते, तोवर जास्त पेट्रोल जळते आणि झीजही वाढते. डिसेंबर-जानेवारीतल्या आपल्याकडच्या थंडीत तर हे अधिकच जाणवेल. शिवाय दोष रेडिएटरमध्ये असेल तर थर्मोस्टॅट काढूनही तो जाणार नाही.

म्हणून हे काम घरीच करावे का, असा विचार मनात आहे. एअर फिल्टर, स्पार्क प्लग, बॅटरी ही कामे मी स्वतः करतो. ब्रेकला मात्र हात लावत नाही, कारण तिथे चूक झाली तर ती रस्त्यावरच कळते. थर्मोस्टॅटचे काम या दोन्हींच्या मधले वाटते : भाग काही शे रुपयांचा, बोल्ट मोजके, पण ॲल्युमिनियममधले आटे जास्त आवळल्याने गेले किंवा कूलंट भरताना आत हवा अडकली, तर गाडी पूर्वीपेक्षा अधिक तापू शकते. दुसरा मार्ग म्हणजे नवा थर्मोस्टॅट आणि कूलंट स्वतः नेऊन केवळ मजुरी देणे. परंतु गिऱ्हाइकाने आणलेला माल बसवायला बरेच कारागीर नाखूश असतात (सुट्या भागांवरच त्यांचे दोन पैसे सुटतात, तेव्हा त्यात गैरही काही नाही), आणि मग पुढे काही बिघडले तर जबाबदारी कोणाची, हा वाद उरतोच.

जाणकारांना माझी विनंती आहे की त्यांनी पुढील बाबींवर मत द्यावे. केवळ चढावर आणि एसी लावल्यावरच तापमान वाढत असेल, तर संशय आधी थर्मोस्टॅटवर घ्यावा की रेडिएटरवर? जुना थर्मोस्टॅट काढून पातेल्यातल्या तापत्या पाण्यात, त्यावर कोरलेल्या अंशांना तो उघडतो का, हे पाहण्याची चाचणी पुरेशी मानावी का? हवा काढण्यासाठी गाडीचे तोंड उंचावर ठेवून, हीटर पूर्ण चालू करून, पंखा दोनदा सुरू-बंद होईपर्यंत इंजिन चालवावे असे वाचले आहे. ज्यांनी हे घरी केले आहे, त्यांना त्यात कोणती अडचण आली? आणि प्लास्टिकच्या टाक्या असलेला ॲल्युमिनियमचा रेडिएटर रसायनाने धुऊन खरोखर मोकळा होतो का, की सरळ नवाच बसवावा? जळगाव किंवा धुळे येथे हे काम करून घेतलेल्यांनी मजुरी साधारण किती पडली तेही लिहावे, म्हणजे घरी करण्यात नेमके किती वाचते याचा हिशेब मांडता येईल. तोपर्यंत गाडी घाटात नेणार नाही.