एक्स८ राहिलं
लिनक्स कर्नलमधल्या ट्रेसरबद्दल (चालू कोडमध्ये कोणती फंक्शन्स चालतात ते टिपणारं साधन) तुम्ही वर लिहिलंत की आर्म-६४ प्रोसेसरवर त्याला कॉल करण्याआधी एक्स० ते एक्स७ ही रजिस्टरं (प्रोसेसरमधल्या साठवणीच्या छोट्या जागा) जपली की झालं, कारण आर्ग्युमेंट्स, म्हणजे फंक्शनला दिलेली मूल्यं, तिथेच असतात. पण एक्स८ राहिलं! फंक्शन मोठं स्ट्रक्चर (अनेक मूल्यांचा गठ्ठा) परत करणार असेल, तर ते कुठे लिहायचं तो पत्ता कॉल करणारा एक्स८ मध्ये देतो. ट्रेसरने तो पुसला तर निकाल भलत्याच जागी लिहिला जातो, आणि बिघाड दिसेपर्यंत ट्रेसर केव्हाच निघून गेलेला असतो.

इथे इंदूरला, रामबागेत, आम्ही तिघं दर रविवारी असा कोड छापून वाचतो. मागे एक्स८ जपणारी हीच ओळ माझ्या नजरेतून सुटली होती, मित्राने बोट ठेवलं. तेव्हापासून साठवलेलं आणि परत भरलेलं प्रत्येक रजिस्टर मी पेन्सिलीने जोडून बघतो, मगच बाकीचं.

परतीच्या वाटेचा विचार वेगळा करा. फंक्शन ग्राफ ट्रेसर (फंक्शनची सुरुवात आणि शेवट दोन्ही टिपणारा) परतीचा पत्ता बदलून ठेवतो, म्हणजे फंक्शन संपलं की आधी ट्रेसरच्या कोडकडे येतं. तिथे पोचल्यावर एक्स० ते एक्स७ मध्ये परतीची मूल्यं असू शकतात, ती जपायलाच हवीत. स्टॅक पॉइंटर (स्टॅक या तात्पुरत्या साठवणीचं टोक दाखवणारा पत्ता) १६ च्या पटीत आहे ना, तेही तपासा.

एक्स९ बद्दलचं तुमचं म्हणणं मात्र अगदी बरोबर आहे. मूळ परतीचा पत्ता तिथे ठेवूनच ट्रेसरकडे उडी घेतली जाते.