मदत हवी आहे: मुलीच्या ट्रेनिंगच्या विमानातले ब्रेकचे पार्ट खरंच बदललेत का, हे कसं बघायचं?

ब्रेकवाला_पारोळा

नमस्कार मंडळी. पारोळ्याजवळ हायवेला माझं ब्रेकचं गॅरेज आहे, 22 वर्षं झाली. सुरत-नागपूर लाइनच्या ट्रक, ट्रॉल्या, रावेर-यावलकडून केळी भरून निघालेल्या गाड्या. लायनर (ब्रेकचं घासणारं अस्तर) मारणं, ड्रम लेथवर घासणं, मास्टर सिलिंडरचं किट टाकणं, एअर काढणं (ब्रेक ऑइलमध्ये शिरलेली हवा बाहेर काढणं), हेच काम. विमानातलं काही कळत नाही म्हणून विचारतोय. लिखाण लांबलं तर माफ करा.

मुलगी बाहेरच्या राज्यातल्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये कमर्शियल पायलटचं ट्रेनिंग घेतेय. 200 तासांपैकी 64 झालेत. स्कूलचं आणि विमानाचं नाव लिहीत नाही, तिला तिथेच शिकायचंय.

मागच्या सोमवारी विमान जमिनीवरून चालवत नेताना डावं पेडल एकदम खाली बसलं. दोन-तीनदा मारलं तेव्हा कडक झालं. इन्स्ट्रक्टरांनी ताबा घेतला, परत आणून उभं केलं. तिथल्या माणसांनी ऑइल टाकलं, एअर काढली आणि दुसऱ्या दिवशी तेच विमान उडालं. तिने मला टायरचा फोटो पाठवला. हात पुसून मोठा करून बघितला. टायरच्या आतल्या अंगाला बोटभर लांब लालसर ओघळ, त्यावर धूळ चिकटून काळी किनार झालेली. ती किनार बघूनच पोटात गोळा आला, कारण ताज्या गळतीवर धूळ अशी बसत नाही. ते ऑइल बऱ्याच दिवसांपासून झिरपत असणार.

आता मुख्य गोष्ट. तिच्या सीनियर मुलाने सांगितलं की या मॉडेलच्या ब्रेकमधले काही लॉटचे पार्ट सदोष निघालेत, ते बदलायचा सरकारी आदेश आलेला आहे आणि तो सगळ्यांना सक्तीचा आहे. मुलीने विचारलं तर उत्तर मिळालं, ‘हो गया है, टेन्शन मत लो.’

मंडळी, ‘हो गया’ म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. आमच्या धंद्यात एअर काढली की पेडल दोन दिवस कडक लागतं. वॉशर आत तोच असला तर तिसऱ्या दिवशी परत बसतं. ड्रायव्हरला वाटतं काम झालं. 2023 च्या जुलैमध्ये पळासनेरला ब्रेक फेल झालेला कंटेनर हॉटेलात घुसला, कितीतरी माणसं गेली. त्यानंतर आठ दिवस मी गॅरेजमध्ये आलेल्या प्रत्येक गाडीचं चाक खोलूनच बघत होतो.

माझे प्रश्न: असा आदेश खरंच सक्तीचा असतो का? आपल्या देशात लागू होतो का? पार्ट बदलला हे कागदावर कुठे दिसतं, आणि ते बघायला मागायचा मुलीला हक्क आहे का? आणि चांगल्या कंपनीचं ब्रेक ऑइल माझ्याकडे आहे, ते पाठवू का?

---

चाळीसगावकर_सार्जंट

दादा, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. ऑइल पाठवू नका. एक थेंबही नको. गाडीचं डॉट थ्री, डॉट फोर वेगळं आणि छोट्या विमानाचं वेगळं. विमानात बहुतेक ठिकाणी 5606 नावाचं लाल रंगाचं मिनरल ऑइल असतं, फोटोत तेच दिसलं तुम्हाला. त्या सिस्टिमचं रबर गाडीच्या ऑइलने फुगतं आणि खराब होतं. चांगल्या मनाने टाकलेलं ऑइल चालता ब्रेक घालवेल.

मी हवाई दलात 20 वर्षं विमानांखाली वाकून काढली. तुमचा सोमवारचा अंदाज बरोबर आहे. पेडल बसलं म्हणजे ऑइलच्या पाइपात हवा शिरली. हवा शिरली म्हणजे कुठून तरी ऑइल बाहेर आलं. ओघळ चाकाजवळ आहे म्हणजे आधी कॅलिपरच्या (डिस्कवर लायनर दाबणाऱ्या भागाच्या) पिस्टनच्या ओ-रिंगवर, म्हणजे रबरी कड्यावर, संशय घ्यायचा, मग पाइपच्या जोडावर. नुसती एअर काढून कारण जात नाही.

---

धावपट्टी09

काका, मी इन्स्ट्रक्टर आहे, मूळ नंदुरबारचा. विमानाचा ब्रेक कसा असतो ते थोडं सांगतो, म्हणजे तुम्हाला मुलीशी नीट बोलता येईल.

रडरच्या (शेपटीवरच्या सुकाणूच्या) पेडलच्या वरच्या टोकाला ब्रेक असतो. डाव्या पायाचा डाव्या चाकाला, उजव्याचा उजव्याला, दोन्हींचे मास्टर सिलिंडर वेगळे. पुढच्या चाकाला ब्रेक नसतो. काही मॉडेलमध्ये पुढचं चाक खुर्चीच्या चाकासारखं मोकळं फिरतं, मग जमिनीवर वळायलाही एका बाजूचा ब्रेक दाबावा लागतो. म्हणजे डावा ब्रेक गेला तर विमान नुसतं थांबत नाही असं नाही, उजवा दाबला की ते उजवीकडे ओढलं जातं. तुमच्या ट्रकच्या एका चाकाला लायनर नसला की गाडी ओढते, तसंच.

दुसरं, काही मुलं पॉवर जास्त ठेवून ब्रेक दाबत दाबत टॅक्सी करतात, म्हणजे विमान जमिनीवरून चालवतात. त्याने डिस्क तापते, ओ-रिंग भाजते, ऑइल गळतं, आणि तापलेल्या डिस्कवर ते ऑइल पडलं तर आग लागू शकते. काही विमानांच्या कॅलिपरवर म्हणूनच तापमान दाखवणारा स्टिकर असतो, जास्त तापलं की काळा पडतो. त्यात आपल्याकडचा उन्हाळा. 45 अंशांत हवा विरळ होते, मीटरवर वेग तोच दिसला तरी जमिनीवरचा वेग जास्त असतो. 15 अंशांच्या मानाने ब्रेकला साधारण दहा टक्के जास्त ऊर्जा जिरवावी लागते.

मुलीला सांगा, फिरून तपासणी करताना दोन्ही चाकांच्या मागे गुडघा टेकून बघायचं. पाइप, ओल, लायनरची जाडी. विमान हललं की पहिल्या काही फुटांतच दोन्ही ब्रेक दाबून बघायचे. मऊ लागला तर तिथेच बंद करायचं आणि टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या बिघाडांच्या नोंदवहीत, लिहून द्यायचं. तोंडी सांगितलेला स्नॅग, म्हणजे बिघाड, संध्याकाळपर्यंत कुणाच्या लक्षात राहत नाही. लेखी असला की लायसन्सवाल्या इंजिनिअरला सही केल्याशिवाय विमान सोडता येत नाही.

---

ब्रेकवाला_पारोळा

सार्जंट साहेब, ऑइलचा डबा कुरिअरवाल्याकडे जाणार होता. परत आणला. तुमचे उपकार आहेत.

धावपट्टी भाऊ, तिला तुमचं उत्तर वाचून दाखवलं. सोमवारची गोष्ट टेक लॉगमध्ये लिहिली होती का, असं विचारलं. ती म्हणाली, इन्स्ट्रक्टरने तोंडी सांगितलं होतं.

---

गिरणाकाठ

दादा, राग मानू नका. लाखो रुपये भरलेत, मुलगी एकटी बाहेर आहे. बापाने कागद मागायला सुरुवात केली तर तिथले लोक तिचे तास अडवतील. माझ्या भाच्याच्या बाबतीत असं झालंय. ती मोठी आहे, तिथे इंजिनिअर आहेत, त्यांना त्यांचं काम करू द्या.

---

ब्रेकवाला_पारोळा

ताई किंवा दादा जे असाल ते, तुमची काळजी खरी आहे आणि मलाही तीच भीती आहे. म्हणूनच इथे विचारतोय, नाहीतर गाडी काढून सरळ तिथे गेलो असतो. पण ती ज्या दिवशी एकटी उडेल त्या दिवशी शेजारच्या सीटवर ब्रेक दाबायला कुणी नसेल. गिऱ्हाइकाच्या ट्रकचं चाक मी खोलून बघतो आणि पोटच्या पोरीच्या वेळी गप्प बसू, हे मला जमणार नाही.

---

देखभाल_इंजिनिअर

मी एएमई, म्हणजे विमान देखभालीचा लायसन्सवाला इंजिनिअर आहे, जळगाव जिल्ह्यातलाच. मुद्द्याचं लिहितो.

तुम्ही म्हणता तो आदेश म्हणजे एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह, सगळे एडी म्हणतात. एखाद्या मॉडेलमध्ये धोकादायक दोष आढळला आणि तो त्याच डिझाइनच्या दुसऱ्या विमानांतही असण्याची शक्यता असली की डिझाइन करणाऱ्या देशाची यंत्रणा तो काढते. अमेरिकन विमानाला एफएए, युरोपियनला ईएएसए. भारतात नोंदलेल्या विमानालाही तो पाळावा लागतो, आपल्या विमान नियामकाचा, डीजीसीएचा, तसा नियम आहे. न पाळता विमान उडवणं बेकायदा. यात स्कूल लहान की मोठं हा प्रश्न येत नाही. 1934 चा जुना विमान कायदा जाऊन 1 जानेवारी 2025 पासून भारतीय वायुयान अधिनियम 2024 आला, तरी हे बंधन कायम आहे.

सर्व्हिस बुलेटिन वेगळं. ते कंपनी काढते आणि एकट्याने ते बहुतेक वेळा सक्तीचं नसतं. एडीने त्याचा हवाला देऊन ‘असं करा’ म्हटलं की सक्तीचं होतं. तो सीनियर मुलगा बुलेटिनबद्दल बोलत होता की एडीबद्दल, हे आधी नक्की करा. एफएएच्या डीआरएस आणि ईएएसएच्या सेफ्टी पब्लिकेशन्सच्या संकेतस्थळांवर कुणालाही फुकट शोधता येतं. मॉडेल टाका, ‘ब्रेक’ शब्द टाका.

सापडलं की नुसतं शीर्षक वाचून थांबू नका. लागू कोणाला, तिथे सिरीयल नंबर असतात. बऱ्याचदा विमानाचा नंबर नसतोच, पार्ट नंबर आणि लॉट असतो, मग कोणत्याही वर्षीच्या विमानात तो बसलेला असू शकतो. मुदत किती, समजा पुढचे 50 तास किंवा 6 महिने, जे आधी येईल ते. आणि काम काय. इथे लोक फसतात. काही एडी ‘दर इतक्या तासांनी बघत राहा’ म्हणतात आणि पार्ट बदलला की ते बघणं संपतं. म्हणजे ‘एडी केली’ हे खरं असू शकतं आणि जुना पार्ट आतच असू शकतो. शेवटी, तो जुना पार्ट परत बसवायला मनाई आहे का तेही बघा. स्टोअरच्या कपाटात सदोष लॉटचा एखादा पडलेला असतो, पुढच्या वेळी तोच हातात येतो.

कागदाचं म्हणाल तर प्रत्येक विमानाची एडीची यादी असते आणि लॉगबुकात नोंद असते: एडीचा नंबर, तारीख, विमानाचे तास, काय केलं, कोणत्या लायसन्सवर सही. नव्या पार्टसोबत रिलीज सर्टिफिकेट येतं. अमेरिकेतून आला तर 8130-3, युरोपातून ईएएसए फॉर्म वन, इकडचा सीए फॉर्म वन. तुमच्याकडे डुप्लिकेट किटचा जो त्रास असतो, तो अडवायला हा कागद आहे.

मुलीने ‘तुम्ही बदललं का’ असं विचारूच नये. नम्रपणे म्हणावं, ‘सर, मला एडी कम्प्लायन्स शिकायचंय, आपल्या ब्रेकच्या एडीची नोंद दाखवाल का?’ शिकणाऱ्या मुलीने हे विचारलं तर चांगल्या इंजिनिअरला आनंद होतो. पुन्हा टोलवलं तर चीफ फ्लाइंग इन्स्ट्रक्टरकडे लेखी. त्यावरही काही नाही झालं तर डीजीसीएकडे स्वेच्छेने सुरक्षेची माहिती कळवायची सोय आहे, कळवणाऱ्याचं नाव उघड करत नाहीत.

---

ब्रेकवाला_पारोळा

सहा दिवसांनी लिहितोय.

एडीच आहे, बुलेटिन नाही. मुलीने शोधली, रात्री फोनवर आम्ही दोघांनी ओळ न् ओळ वाचली. इंग्रजी तिचं आणि ब्रेक माझा, असं चाललं. त्यात पार्ट काढून नवाच बसवायला सांगितलंय, नुसतं बघून चालत नाही.

तिने देखभाल इंजिनिअर साहेबांनी सांगितलेल्या शब्दांतच विचारलं. तिथल्या वयस्कर इंजिनिअरने रागावण्याऐवजी तिला हँगरमध्ये नेलं आणि लॉगबुकं समोर ठेवली. त्या मॉडेलची तीन विमानं. दोघांची नोंद स्वच्छ आहे, तारीख, तास, सही, सगळं. तिसऱ्याची यादीत नोंद आहे ‘मुदत बाकी’ म्हणून, आणि पेडल बसलेलं विमान तेच. मुदतीत 11 तास उरले होते. म्हणजे ‘हो गया है’ म्हणणाऱ्याने बाकीच्या दोघांवरून सांगून टाकलं असावं.

गुरुवारी त्या विमानाचं चाक काढलं. मुलगी शेजारी उभी होती. पिस्टनवरची ओ-रिंग एका बाजूने चपटी झालेली, नखाने दाबली तर दबत नव्हती. रबर प्लॅस्टिकसारखं कडक. लायनरच्या एका कडेला ऑइल शोषून काळा डाग. जाडी मोजली तर अडीच मिलिमीटरच्या जरा वर, म्हणजे तोही बदलायच्या हद्दीवरच. फोटो बघताना असे पार्ट मी हजार वेळा हातात धरल्यासारखे वाटले.

आता एक अडलंय. नव्या कॅलिपरच्या कागदाचा फोटो तिने पाठवलाय. 11 नंबरच्या रकान्यात ‘इन्स्पेक्टेड’ लिहिलंय. एडीत ‘नवा’ म्हटलंय. हे चालतं का?

---

देखभाल_इंजिनिअर

विचारलंत ते फार बरं झालं. 11 व्या रकान्यात पार्टची स्थिती असते: नवा, ओव्हरहॉल केलेला, दुरुस्त केलेला, तपासलेला. ‘इन्स्पेक्टेड’ म्हणजे आधी कुठेतरी बसलेला किंवा साठ्यातला पार्ट तपासून दिलाय. पार्ट चांगला असेलही, पण एडीत नवा म्हटलं असेल तर त्या रकान्यात ‘न्यू’ हवं. नाहीतर पर्यायी पद्धतीची मंजुरी घेतलेली असायला हवी, आणि तो कागद वेगळा असतो. 12 व्या रकान्यातला शेरा वाचा. पार्ट नंबर एडीतल्या नंबराशी जुळवा, शेवटच्या डॅशपुढच्या आकड्यासकट. बहुतेक वेळा जुना आणि सुधारलेला यांत फरक तेवढाच असतो.

विमान अजून सोडलं नसेल तर त्याच इंजिनिअर साहेबांना आजच दाखवा. त्यांनी स्वतः चाक उघडून दाखवलं, ते ऐकतील.

---

ब्रेकवाला_पारोळा

डॅशपुढचा आकडा जुळत नाही. एडीत दोन आहे, कागदावर एक.

मुलीला फोन केला. ती हँगरकडेच निघाली होती, तिनेही तोच आकडा पकडला होता. विमान जॅकवरच आहे.

---

ब्रेकवाला_पारोळा

रात्री 9 वाजता. इंजिनिअर साहेबांनी पार्टला लाल टॅग लावून बाजूला ठेवला, नवा मागवलाय, तोवर ते विमान बंद. स्टोअरमधून चूक झाली म्हणाले. सोमवारचा स्नॅगही आता टेक लॉगमध्ये मागची तारीख सांगून लिहिला गेलाय. मुलगी तोवर दुसऱ्या विमानावर उडेल, त्याच्या नोंदीचा फोटो माझ्याकडे आहे.

सार्जंट साहेब, धावपट्टी भाऊ, इंजिनिअर साहेब, पारोळ्यावरून कधी जाणं झालं तर हायवेला गाडी थांबवा. नवा पार्ट आला की 11 व्या रकान्याचा फोटो इथेच टाकतो, एकदा बघून घ्या.