सल्ला हवा: जवळचं लहान घर की लांबचं मोठं? भाड्यापलीकडचा हिशेब कसा मांडावा?

ओसरी
नमस्कार. दोन महिन्यांत घर बदलायचंय. सध्याचं घर मालकांना स्वतःसाठी हवं आहे, त्यामुळे इथेच राहायचा प्रश्न उरलेला नाही. आम्ही तिघं: मी, नवरा आणि तीन वर्षांची मुलगी. दोघंही नोकरी करतो आणि दोघांची ऑफिसं शहराच्या एकाच भागात आहेत.

बरीच घरं बघून शेवटी दोनांवर अडलोय. दोघांच्या हातात येणाऱ्या पगाराचे १०० भाग धरून आकडे लिहिते, म्हणजे कुठल्याही शहरातल्या माणसाला सल्ला देता येईल.

पहिलं घर ऑफिसपासून चालत २० मिनिटांवर. एक खोली आणि स्वयंपाकघर. भाडं ४१ भाग. दुसरं शहराच्या टोकाला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, खिडकीतून भरपूर आकाश दिसतं. भाडं २६ भाग, पण बस आणि रेल्वे धरून दारापासून दारापर्यंत १ तास ४० मिनिटं.

नवऱ्याचं म्हणणं, महिन्याला १५ भाग वाचतायत, मुलीला हातपाय पसरायला जागा मिळतेय, मग विचार कसला करायचा? माझं मन पहिल्याकडे ओढतं, पण ४१ आकडा बघितला की धस्स होतं. भाडं ३० टक्क्यांच्या वर जाऊ नये असं सगळेच सांगतात. आम्ही फार मोठी चूक करायला निघालोय का? भाड्याने राहिलेल्या लोकांनी मोकळेपणाने सांगा.

हिशेबवही
आधी त्या ३० टक्क्यांबद्दल, कारण हा आकडा बऱ्याच घरांत उगाच भीती घालतो. १९६९ साली अमेरिकेत सेनेटर एडवर्ड ब्रूक यांच्या पुढाकाराने एक कायदा झाला. सरकारी घरांत राहणाऱ्या गरीब कुटुंबांकडून उत्पन्नाच्या २५ टक्क्यांपेक्षा जास्त भाडं घेऊ नये, असं त्यात ठरलं. १९८१ मध्ये ही मर्यादा ३० टक्के झाली. म्हणजे सरकारने स्वतःच्या भाडेकरूंकडून किती घ्यावं याची ती रेघ होती. तुमच्या घरात पाळणाघर किती, कर्जाचा हप्ता किती, प्रवास किती, हे तिला ठाऊक नाही.

त्याच्याही शंभर वर्षं आधी, १८६८ साली, बर्लिनचे संख्याशास्त्रज्ञ हेरमान श्वाबे यांनी दाखवून दिलं होतं की उत्पन्न जितकं कमी, तितका त्यातला मोठा वाटा भाड्यात जातो. म्हणून टक्का बघू नका, भाडं देऊन काय उरतं ते बघा. दोन घरांत सारखाच टक्का असला तरी एकाकडे पुरेसं उरतं आणि दुसऱ्याकडे दवाखान्यालाही उरत नाही.

आता मला दोन आकडे द्या. लांबच्या घरातून दोघांचा महिन्याचा प्रवासखर्च किती? आणि मुलीला पाळणाघरात किती वेळ जास्त ठेवावं लागेल?

ओसरी
दोघांचा मिळून प्रवास ८ भाग. पाळणाघरात रोज दीड तास जास्त, त्याचे ४ भाग. जवळच्या घरातून प्रवासाला फार तर १ भाग, पावसाच्या दिवशी वगैरे.

हिशेबवही
मग मांडा. जवळचं घर ४१ अधिक १, म्हणजे ४२. लांबचं २६ अधिक ८ अधिक ४, म्हणजे ३८. वाचणार म्हणून ज्या १५ भागांचा विचार चालला होता, ते प्रत्यक्षात ४ आहेत.

या ४ भागांसाठी काय द्यावं लागतं? एका फेरीला ८० मिनिटं जास्त, दोन फेऱ्यांची १६०. महिन्यात कामाचे २२ दिवस धरले तर ५८ तास ४० मिनिटं, आणि हे एका माणसाचे. आठ तासांच्या दिवसाने मोजलं तर तुमच्यातला प्रत्येक जण महिन्याला सात दिवसांहून जास्त वेळ वाहनात काढणार. इटालियन भौतिकशास्त्रज्ञ चेझारे मार्केटी यांनी १९९४ साली एक निरीक्षण मांडलं होतं: साधनं बदलली, शहरं वाढली, तरी माणूस सरासरी दिवसाला तासाभराच्या आसपासच प्रवास करत आला आहे. तुमचा होईल ३ तास २० मिनिटं.

मात्र जवळच्या घराचा एक धोका सांगायलाच हवा. भाडं दरवर्षी १० टक्क्यांनी वाढलं आणि पगार ५ टक्क्यांनी, तर आजचे ४१ भाग तीन वर्षांनी ४७ होतात. लांबच्या घराचे २६ तेव्हा जेमतेम ३० होतील. त्यामुळे पहिलं घर घेणार असाल तर भाडं कमी करा म्हणून घासाघीस करण्यापेक्षा वाढीचा दर करारात बांधून घ्यायला जास्त जोर लावा. लोक नेमकं हेच विसरतात.

निवांत_कट्टा
दुसरी बाजूही यायला हवी. आम्ही सहा वर्षांपूर्वी लांबचंच घर घेतलं आणि आजही बरं वाटतं. पण आमच्या दोन गोष्टी वेगळ्या होत्या. बायकोचं काम आठवड्यातले चार दिवस घरूनच चालतं. आणि गाडी आमच्याच स्टेशनवरून सुटते, त्यामुळे बसायला हमखास जागा मिळते. बसून केलेला दीड तास आणि लोंबकळत केलेला दीड तास यांत जमीनअस्मानाचा फरक असतो, ताई. शिवाय माझी आई सोबत असते, तिला स्वतःची खोली मिळाली. ते कुठल्या वहीत मांडणार?

तेव्हा निर्णयाआधी एकदा कामाच्या दिवशी, नेमक्या ऑफिसच्या वेळेला, त्या घराच्या दारातून निघून ऑफिसला जाऊन बघा. आणि परत या. रविवारी केलेला प्रवास धरू नका.

कडीकोयंडा
हिशेबाबद्दल वर छान आलंय. मी घर बघण्याबद्दल लिहितो, कारण मी त्यात पोळलोय. एका घरमालकाने निघताना माझी निम्मी अनामत ‘भिंती खराब केल्या’ म्हणून ठेवून घेतली. त्या भिंतींना मी राहायला येण्याआधीपासून ओल होती, फक्त वर ताजा रंग होता. माझ्याकडे एकही फोटो नव्हता. त्या रकमेतून बायकोच्या डोळ्यांचं ऑपरेशन करायचं ठरलं होतं, ते आठ महिने पुढे गेलं. म्हणून हे मनापासून सांगतोय.

घर दोनदा बघा, एकदा भर दुपारी आणि एकदा रात्री. दुपारी वरच्या मजल्याचं छत आणि पश्चिमेची भिंत किती तापते ते हात लावून कळतं. रात्री जिन्यातला दिवा, शेजारचा आवाज, रस्ता कळतो. एकाच भिंतीला किंवा एकाच कोपऱ्याला नवा रंग दिसला तर कारण विचारा. कपाट भिंतीपासून सरकवून मागे वास घ्या. घरातली आर्द्रता सतत ६० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, आणि घरात लहान मूल असताना ती चालवून घेऊ नये.

सकाळी गर्दीच्या वेळी सगळे नळ एकदम सोडून बघा. मग घरातले सगळे दिवे, पंखे, फ्रिज बंद करा आणि विजेच्या मीटरकडे जा. आकडा तरीही पुढे सरकत असेल तर त्या मीटरवर दुसऱ्या कुणाची तरी जोडणी असू शकते, आणि मग ते बिल तुम्ही भरणार आहात.

चावी घ्याल त्या दिवशी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा, मीटरवरचा आकडा टिपा, काय मोडलंय काय फुटलंय याची यादी करून त्यावर मालकांचीही सही घ्या. व्हिडिओ त्यांना त्याच दिवशी पाठवून ठेवा. आणि घर आतून बघितल्याशिवाय, बिल किंवा कराच्या पावतीवर मालकाचं नाव तपासल्याशिवाय कुणालाही आगाऊ रक्कम देऊ नका, समोरचा कितीही घाई करत असला तरी.

हिशेबवही
कडीकोयंडा, वाचून वाईट वाटलं. एक पुरवणी जोडतो. एजंटाची दलाली एक महिन्याच्या भाड्याइतकी असेल आणि वर्षात घर सोडावं लागलं, तर भाडं खरं तर ८.३ टक्क्यांनी महाग पडलं. तीन वर्षं राहिलात तर हाच भार २.८ टक्के होतो. जिथून हलावं लागणार नाही असं घर थोडं महाग असलं तरी परवडतं.

तिसरी_खोली
धाग्यात मध्येच विचारतोय, माफ करा. आम्ही तीन मित्र एक घर घेतोय. एक खोली मोठी, एकीला गच्ची, तिसरी अगदी लहान. भाडं सारखं वाटलं तर तिसरीत कुणीच जायला तयार नाही. क्षेत्रफळावर वाटायचं का?

हिशेबवही
क्षेत्रफळाने भांडण मिटत नाही, कारण एकाला गच्ची हवी असते, दुसऱ्याला शांतता. गणितज्ञ फ्रान्सिस सू यांनी १९९९ साली नेमका हाच प्रश्न घेतला. काही साध्या अटी पाळल्या तर भाड्याची अशी वाटणी असतेच की प्रत्येक जण वेगळी खोली निवडतो आणि कुणाला दुसऱ्याचा हेवा वाटत नाही, हे त्यांनी सिद्ध केलं.

घरी करायची सोपी पद्धत अशी: तिन्ही खोल्यांना अंदाजे भाडं लावा, बेरीज एकूण भाड्याइतकी ठेवा, आणि तिघांनी एकमेकांना न दाखवता चिठ्ठीवर आपली पसंती लिहा. दोघांनी एकच खोली लिहिली तर तिचं भाडं थोडं वाढवा, कुणालाच नको असलेलीचं तेवढंच उतरवा, पुन्हा चिठ्ठ्या. पाचसहा फेऱ्यांत बहुतेक वेळा जुळतं.

ओसरी
सगळ्यांचे मनापासून आभार. काल निवांत_कट्टा यांनी सांगितलं तसं केलं. दोघांनी अर्धा दिवस रजा टाकली, सकाळी साडेसातला लांबच्या घराच्या दारातून निघालो. पहिल्या दोन बसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. ऑफिसच्या दारात पोचायला २ तास ५ मिनिटं लागली. नवरा वाटेत काही बोलला नाही. उतरल्यावर एवढंच म्हणाला, ‘हिला झोपलेलीच बघत राहायचं का आपण?’

मग संध्याकाळी जवळच्या घरात जाऊन कपाट सरकवलं. मागे ओल आहे, हातभर. मालकांना दाखवली. त्यांनाही ती ठाऊक नव्हती असं वाटलं. दोन वर्षं वाढ ५ टक्क्यांच्या वर नेणार नाही हे त्यांनी मान्य केलंय, ओलीचं काम करून देऊ असंही तोंडी म्हणालेत. सोमवारी कराराचा मसुदा येईल. दुरुस्तीचं कलम नेमकं कसं लिहून घ्यावं?

कडीकोयंडा
साधारण असं लिहा: ‘गळती, ओल, विजेच्या तारा आणि पाण्याचे नळ यांची दुरुस्ती मालक स्वखर्चाने करतील. लेखी कळवल्यापासून १५ दिवसांत ती न झाल्यास भाडेकरू ती करून घेईल आणि पावती दाखवून तेवढी रक्कम पुढच्या भाड्यातून वळती करेल.’ आत्ताच्या ओलीचं काम मात्र यात घालू नका. ते चावी घेण्याआधी पूर्ण होईल असं तारखेसह वेगळं लिहून घ्या.

‘वळती करेल’ हे शब्द खोडायला सांगतील. तिथे अडून राहा. सही करण्याआधी मसुदा एखाद्या वकिलाला दाखवा, तुमच्या भागातला कायदा त्यांना ठाऊक असेल. आणि मुलीचा पलंग त्या भिंतीला लावू नका, निदान एक पावसाळा जाऊ दे.