मोबाईल कंपनीसोबत धंदा केलेल्यांनी अनुभव लिहा

कांदाभाव: काल माळा आवरताना जुना बटणांचा फोन सापडला आणि २००९ आठवलं. सोलापुरात होटगी रोडला एका खोलीत आम्ही तिघं. मार्केट यार्डातला कांद्याचा भाव सकाळी एसेमेसवर शेतकऱ्याला, दिवसाला एक रुपया. पैसे बॅलन्समधून कापायचे तर मोबाईल कंपनीशी करार हवाच. पुण्याला सर्कल ऑफिसात अकरा खेपा. सही झाली त्या दिवशी सिद्धेश्वराला नारळ फोडला. रुपयातले सत्तर पैसे त्यांचे, तीस आमचे, तेही त्यांचा हिशेब लागल्यावर. आमच्या वहीत १९ हजार मेसेज, त्यांच्या शीटमध्ये ११ हजार. करारात ‘कंपनीचा आकडा अंतिम’ असं होतं, वाचूनही सही केली होती. चौथ्या महिन्यात साहेबाची बदली झाली, नव्याने फोनच उचलला नाही. पहिल्या तीन महिन्यांचे पैसे अजून यायचेत. ज्यांनी असा करार केलाय त्यांनी लिहा, नवीन पोरांना उपयोग होईल.

सातरस्ता: मी पलीकडच्या खुर्चीत, मोबाईल कंपनीतच होते, सहा वर्षं. ॲप किती छान आहे याने आत कुणाचं काही हलत नाही. साहेबाला तिमाहीचं टार्गेट असतं. २० जानेवारी २०११ ला नंबर पोर्टिंग, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलणं, देशभर सुरू झालं, त्यानंतर एकच प्रश्न, याने गिऱ्हाईक टिकेल का? एका तालुक्यात करून दाखवलेला आकडा घेऊन आलेल्यांची फाईल पुढे सरकायची. आणि ओळख एकाच साहेबाशी ठेवू नका. फायनान्समधल्या माणसाशीही ठेवा, बिल तोच पास करतो.

शेंगाचटणी: दादा वाईट वाटलं वाचून. आज यार्डात कांदा काय भावाने फुटला?

मंद्रूपकर: चांगल्याला बरा, बारक्या गोल्टी कांद्याला कोण विचारत नाही. पावसात भिजलेला लई आलाय.

टाळमृदंग: आमची भजनांची कॉलरट्यून होती. २०१३ च्या जुलैत ट्रायने, म्हणजे मोबाईल कंपन्यांवर नियम घालणाऱ्या सरकारी संस्थेने, दुहेरी होकार सक्तीचा केला, गिऱ्हाइकाने दुसऱ्यांदा हो म्हटल्याशिवाय सेवा चालू करायची नाही. महिन्यात निम्मे गळाले. तेव्हा कळलं, त्यांनी मागितलंच नव्हतं, कंपनीने परस्पर चालू केलं होतं. शिव्या मात्र आमच्या नंबरवर. गिऱ्हाइकाचा होकार कसा घेणार हे करारात लिहून घ्याच.

अक्कलकोटरोड: आता पैसे कापायचं राहू द्या, साधा मेसेज पाठवायलाही त्यांचंच दार. माझं दवाखान्यात नंबर लावायचं ॲप आहे. डीएलटीवर, म्हणजे कंपन्यांच्या मेसेज-नोंदणीच्या यंत्रणेवर, हेडर (पाठवणाऱ्याचं नाव), टेम्पलेट (मेसेजचा ठरलेला मजकूर) सगळं नोंदवलेलं, तरी एका शब्दाच्या फरकाने मेसेज अडतो. ८ मार्च २०२१ ला तर देशभर ओटीपी अडकले. पेशंट बाकावर बसून, आई फोन हलवून बघतीय. त्या दिवसापासून व्हॉट्सॲप आणि आवाजी कॉल, दोन्ही वाटा तयार ठेवतो.

कांदाभाव: @सातरस्ता ताई, फायनान्सचं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर! @अक्कलकोटरोड बरोबर केलंत. २०१६ ला जिओ आल्यावर नेट स्वस्त झालं, तेच भाव आता गावच्या ग्रुपवर फुकट फिरतात. शेतकऱ्याचं भलंच झालं.

सातरस्ता: जुन्या बिलांच्या प्रती असतील तर फेकू नका.

नवीपेठ: तो फोन चालू होतो का? बारीक पिन असेल तर चार्जर आहे माझ्याकडे, दुकानात या की.

कांदाभाव: बारीकच आहे. त्यात शेतकऱ्यांचे मेसेज असतील. शनिवारी येतो.