मदत हवी आहे: एसी चालू असताना डावीकडे गार, ड्रायव्हरकडे गरम हवा. डॅशबोर्ड न खोलता फ्लॅपची (आतली गार-गरम हवा मिसळणारी झडप) मोटर तपासता येईल का?

राम राम मंडळी, परभणीहून लिहायलोय. गाडी जर्मनीहून आख्खी तयार होऊन आलेली सेडान, 2011 चं मॉडेल, मी तिसरा मालक. एसी दोन झोनचा, म्हणजे ड्रायव्हरचं तापमान वेगळं अन् शेजारच्याचं वेगळं लावता येतं. महिना झाला, डाव्या जाळीतून मस्त गार हवा यायली आणि माझ्या बाजूने भट्टी. दोन्हीकडे 18 लावा नाहीतर एकदम लो करा, फरक शून्य. चावी फिरवली की ॲक्सिलरेटरच्या वर, आतल्या अंगाला टिक टिक टिक असा आवाज येतो, आठ-दहा सेकंद, मग शांत.

इथल्या मेकॅनिकने आधी गॅस भरला, मग म्हणाला कॉम्प्रेसर वीक आहे, आता म्हणतोय पूर्ण डॅशबोर्ड काढावा लागेल, तीन दिवस गाडी ठेवा. माणूस भला आहे, पण अशी गाडी त्याने कधी खोललेली नाही हे तोच सांगतो. डॅशबोर्ड म्हणजे एअरबॅग आली, शेकडो क्लिपा आल्या, जुनं प्लास्टिक उन्हाने कडक झालेलं, एकदा तुटलं की खडखड कायमची. माझा जीव होत नाही.

मला घाई यासाठी आहे की वडील 76 वर्षांचे आहेत आणि त्यांना दर महिन्याला जिंतूर-मंठा-जालना करत संभाजीनगरला तपासणीला न्यावं लागतं. पुढची तारीख पुढच्या गुरुवारची. मे महिन्यातलं आपल्याकडचं ऊन तुम्हाला सांगायला नको. त्यांना मागे बसवलं तरी माझ्या बाजूची गरम हवा गाडीभर फिरते, मागच्या वेळी मंठ्याच्या पुढे त्यांना गरगरायला लागलं तेव्हा मी काच खाली केली तर बाहेरून अजून झळ.

मी स्वतः एवढं केलंय: पोराच्या सायन्स किटमधला डिजिटल थर्मामीटर जाळीत धरला, डावीकडे 9, उजवीकडे 54, बाहेर तेव्हा 42 होतं. ब्लूटूथवाला छोटा स्कॅनर लावला, बिघाडाचा एकही कोड नाही. फ्यूज बघितले, ठीक आहेत. मोटरच गेली असेल का, आणि ती खालून हात घालून काढता येते का? संभाजीनगरात कोणी जाणकार असेल तरी सांगा, 2010 मध्ये तिथे लोकांनी एकदम 150 मर्सिडीज घेतल्या होत्या म्हणजे भारी गाड्या उघडणारे हात तिथे तयार झालेच असणार.

प्रतिसाद, वाळूजकर:

दादा, कॉम्प्रेसरला हात लावू देऊ नका. गॅस कमी असला तरी दोन झोनच्या गाडीत एक बाजू कमी गार होते, हे खरंय, म्हणून गॅस वजनावर भरला का अंदाजाने तेवढं विचारून घ्या. पण तुमचा 54 चा आकडा सगळं सांगून जातो. बाहेर 42 असताना जाळीतून 54 यायला आत कुठून तरी उष्णता मिळाली पाहिजे, ती फक्त हीटरच्या छोट्या रेडिएटरमधून मिळते, इंजिनचं गरम पाणी त्यातूनच फिरतं. म्हणजे उजव्या बाजूची हवा त्याच्यावरून जायली. खात्री करायची तर पहाटे थंड इंजिनवर गाडी सुरू करा, एसी लावा. पहिली दोन-तीन मिनिटं दोन्हीकडे गार आणि मग जसा इंजिनच्या तापमानाचा काटा वर चढेल तशी उजवी बाजू तापली तर विषय संपला.

तुमच्या छोट्या स्कॅनरला कोड दिसणार नाही, तो फक्त इंजिनचं वाचतो. एसीचं मॉड्यूल, म्हणजे एसी चालवणारा कंट्रोलचा डबा, वेगळा आहे, त्याला सगळी मॉड्यूलं वाचणारा मोठा स्कॅनर लागतो.

प्रतिसाद, लातूरचा इलेक्ट्रिशियन:

वाळूजकर भाऊ बरोबर आहेत पण एक थांबा. काही जर्मन गाड्यांत गार-गरम मिसळायला फ्लॅप नसतोच, बॉनेटखाली हीटरच्या पाइपवर दोन कॉइलचा पाण्याचा व्हॉल्व असतो, डावा-उजवा वेगळा. त्याचा करंट गेला की तो उघडाच राहतो आणि ती बाजू गरम फेकते. तेव्हा मोटर बदलून काही उपयोग नाही. आधी तो व्हॉल्व आहे का बघा. पण टिक टिक आवाज येतो म्हणता, तो बहुतेक मोटरच्या प्लास्टिक गिअरचे दात झिजल्याचा.

मोटर निघाली तर पिना मोजा. पाच असतील तर साधारण दोन मोटरच्या आणि तीन पोझिशन सांगणाऱ्या पॉटच्या (मोटर फिरेल तसे ओहम बदलणारा भाग), तरी वायरिंगचा नकाशा मिळाला तर आधी बघा. मोटरच्या दोन पिनांना 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी क्षणभर लावा, फिरली पाहिजे, उलटी लावली की उलटी. पॉट मल्टिमीटरवर बघा, ओहम हळूहळू सरकले पाहिजेत, मधेच उडी मारली तर पॉट खराब. पण पिना तीन-चारच असतील तर बॅटरी अजिबात लावू नका, त्या मोटरमध्ये चिप असते, जळून जाईल.

आणि मोटर काढल्यावर फ्लॅपचा दांडा हाताने फिरवून बघा. सुटसुटीत फिरला तर दोष मोटरचा. अडकला, किंवा जाळीतून फोमचे काळे तुकडे येत असतील, तर फ्लॅपवरचा फोम उष्णतेने भुगा झालाय, मग मात्र खोलावंच लागेल.

मूळ लेखक:

दोघांचे मनापासून आभार. पहाटे साडेपाचला उठून टेस्ट केली, अगदी तसंच झालं, चौथ्या मिनिटाला उजवी बाजू तापायला लागली. गॅस मशीनवर वजनाने भरलाय. बॉनेटखाली दोन पाइप सरळ आत गेलेत, मधे व्हॉल्व वगैरे काही नाही. फोमचे तुकडेही नाहीत. गुरुवारपर्यंत मोटर निघालीच नाही तर काय करू?

प्रतिसाद, वाळूजकर:

हीटरला जाणारा पाइप क्लॅम्पने दाबून बंद करा. आपल्याला हीटर हवाय कशाला? गोल तोंडाचा क्लॅम्प घ्या, जुना पाइप पकडीने दाबाल तर चिरेल. आणि इंजिनच्या तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवा, काही इंजिनांत त्या पाइपातून पाणी सतत फिरणं गरजेचं असतं. वडिलांना घेऊन जायच्या आधी जिंतूरपर्यंत एक चक्कर मारून बघा.

मूळ लेखक:

अपडेट देतो. क्लॅम्पची वेळ आली नाही. ड्रायव्हर सीट पूर्ण मागे सरकवली, बॅटरी काढून पंधरा मिनिटं थांबलो, पेडलच्या वरचं काळं कव्हर तीन स्क्रूत निघालं आणि उताणा झोपून टॉर्च मारला तर मोटर समोरच! तीन स्क्रू, त्यातला मागचा फक्त हाताच्या अंदाजाने, त्या एकाच स्क्रूला तास गेला. पाच पिना. बॅटरीवर मोटर फिरते, पॉटही नीट सरकतो, पण उघडून बघितलं तर मधल्या गिअरचे लागोपाठ तीन दात गायब. फ्लॅपचा दांडा हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत लोण्यासारखा फिरला. तो गार बाजूला फिरवून केबल टायने बांधून टाकलाय. उजव्या जाळीत आता 11 येतंय. गुरुवारी वडील जालन्यापर्यंत चक्क झोपले होते.

आता एकच अडलंय. नवीन मोटर बाहेरून मागवायची तर बरेच आठवडे सांगायलेत. मुंबईत कुर्ल्याला एकाकडे जुनी मिळायली, पण ती डावीकडे स्टिअरिंग असलेल्या गाडीची आहे. पार्ट नंबरचे आकडे सगळे जुळतात, शेवटचं अक्षर फक्त वेगळं आहे. ती चालेल का, आणि बसवल्यावर कॅलिब्रेशन (म्हणजे फ्लॅपची दोन्ही टोकं एसीला ओळखायला लावणं) बॅटरी काढून-लावून आपोआप होतं की मोठ्या स्कॅनरनेच करावं लागतं? लातूरच्या दादांनी जरा बघावं, त्या दुकानदाराने शनिवारपर्यंत ठेवतो म्हणून सांगितलंय.