दोन फुटी टाकीतून चार फुटी टाकीत गोल्डफिश हलवताना जुन्या फिल्टरचे काय करावे?

विजापूर रोडकर

नमस्कार. माझ्याकडे गेली तीन वर्षे २ × १ × १ फुटांची टाकी असून तिच्यात चार गोल्डफिश आहेत. आणले तेव्हा ते बोटभर होते. आता शेपूट सोडून चार इंचांपुढे गेले आहेत आणि वळताना एकमेकांना घासतात. म्हणून ४ × १.५ × १.५ फुटांची नवी टाकी करून घेतली आहे. जुन्या टाकीला मागे अडकवायचा फिल्टर आहे, नवीसाठी मोठा कॅनिस्टर (टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) आणला आहे. दुकानदाराच्या मते जुना फिल्टर धुऊन माळ्यावर टाकावा आणि सर्व भार नव्यावर द्यावा. मला हे पटत नाही, पण का पटत नाही हे नीट सांगताही येत नाही.

दुसरी अडचण पाण्याची आहे. आमच्या भागात नळाला चार दिवसांआड पाणी येते, त्यामुळे एकदम अडीचशे लिटर पाणी माशांसाठी काढून ठेवणे घरात कोणालाच रुचणार नाही. इमारतीत बोअर आहे. ते पाणी वापरावे का? शिवाय एप्रिल संपत आला असून पारा बेचाळिशीला टेकला आहे. पावसापर्यंत थांबणे बरे का?

काचघर

आपली शंका रास्त आहे. माशांच्या विष्ठेतून व कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो, जिवाणू त्याचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात, आणि हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नसून स्पंज, सिरॅमिक रिंग, खडी अशा पृष्ठभागांना चिकटून वाढतात. म्हणजे आपली तीन वर्षांची कमाई त्या जुन्या फिल्टरमध्ये आहे. तो धुऊन माळ्यावर टाकला, तर नवा कॅनिस्टर पाणी फिरवील, गाळही अडवील, पण अमोनियाचे काही करू शकणार नाही.

जुना फिल्टर आहे तसाच नव्या टाकीवर लावावा आणि दोन्ही फिल्टर निदान सहा आठवडे एकत्र चालवावेत. जुन्यातील थोड्या रिंग जाळीच्या पिशवीत भरून कॅनिस्टरमध्ये ठेवल्या, तर त्यालाही विरजण लागते. मात्र हलवाहलवीत हा माल टाकीच्याच पाण्यात बुडालेला असावा आणि शक्य तर बादलीत एअर पंपाची नळी सोडावी, कारण प्रवाह थांबला की जिवाणूंना प्राणवायू मिळत नाही. नळाखाली तो मुळीच धरू नये; ज्या दिवशी टीसीएलचा (पाण्यात टाकतात त्या ब्लीचिंग पावडरचा) वास नाकाला जाणवतो, त्या दिवशी तर नाहीच.

बोअरच्या पाण्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपल्याकडे मासे बहुधा इथेच दगावतात. जुन्या टाकीत नायट्रीकरण (अमोनियाचे नायट्रेट होणे) चालू राहिले की पाण्यातील क्षारता, म्हणजे आम्ल पचवण्याची ताकद, हळूहळू खर्च होते आणि पीएच उतरतो. कमी पीएचला अमोनियाचा बहुतेक भाग तुलनेने निरुपद्रवी अमोनियम रूपात असतो. आपल्याकडील बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते आणि पीएच आठच्या आसपास निघाला, तर तेवढ्याच अमोनियातील विषारी भाग सातच्या तुलनेत सुमारे दहापट होतो. पाणी तापलेले असेल तर आणखी वाढतो. गोल्डफिशला जड पाण्याचे वावडे नाही, त्यांना बाधतो तो अचानक झालेला बदल. म्हणून बोअरचे पाणी जरूर वापरा, पण आधी दोन्ही पाण्यांचा पीएच तपासा आणि जुन्या टाकीत आठवडाभर दररोज पाच-सहा लिटर बोअरचे पाणी मिसळत राहा. आठवड्याने फरक बराच कमी झालेला असेल.

थांबण्याची गरज नाही. एवढ्या उन्हाळ्यात लहान टाकी जास्त लवकर तापते आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्यामुळे गर्दीची टाकी हीच अधिक धोक्याची आहे. फक्त काम पहाटे करावे.

सात रस्ता

वरील मुद्द्याला माझा अनुभव जोडतो. दोन वर्षांपूर्वी टाकी बदलताना मी जुने पाणी बादल्या भरभरून शंभर टक्के नेले आणि 'स्वच्छता' म्हणून फिल्टरचा स्पंज मात्र नळाखाली पिळून पिळून पांढरा केला. आठवड्याच्या आत पाचपैकी तीन मासे गेले. जुन्या पाण्याने काहीही वाचवले नाही.

एक वेगळी गोष्ट. भरल्यावर आपल्या टाकीत सुमारे २५० लिटर म्हणजे अडीचशे किलो पाणी असेल, काच व खडी निराळी. वरच्या मजल्यावर असाल तर ती भिंतीलगत, तुळईच्या बाजूस ठेवा. खाली थर्माकोल घाला. आमच्या घरी जुनी सोलापुरी चादर चौघडी करून घालण्याचा आग्रह झाला होता, पण ती भिजते आणि दुमडीवर काच असमान टेकते. मासे टाकण्यापूर्वी टाकी दोन दिवस भरून सांधे पाहा.

विजापूर रोडकर

सर्वांचे आभार. बोअरचा पीएच ८.२ आणि जुन्या टाकीचा ६.८ निघाला, म्हणून आठऐवजी दहा दिवस पाणी मिसळत राहिलो. रविवारी पहाटे पाच वाजता मासे हलवले. फिल्टर एकूण बारा मिनिटे बंद होता. खाणे एक दिवसाआड आणि चिमूटभरच देतो. पहिले चार दिवस अमोनिया शून्य होता, पाचव्या दिवशी नायट्राइट ०.२५ दिसले. घाबरण्यासारखे आहे का? आणि वीज गेल्यावर काय करावे?

काचघर

नव्या टाकीत एवढे दिसू शकते. चौथा हिस्सा पाणी बदला आणि लिटरमागे एक ग्रॅम साधे मीठ विरघळवून घाला. मिठातील क्लोराइडमुळे नायट्राइट कल्ल्यांतून आत शिरण्यास अटकाव होतो. बदलायचे पाणी नळाचे असेल, तर उघड्या पिंपात हवा सोडून दिवसभर ठेवा किंवा क्लोरीन काढणारे थेंब वापरा. विजेसाठी बॅटरीवरचा एअर पंप पुरेसा आहे. मात्र कॅनिस्टर कित्येक तास बंद राहिला, तर त्यात कोंडलेले पाणी आधी बादलीत काढून टाका आणि मगच तो सुरू करा. ते कुजके पाणी थेट टाकीत जाऊ देऊ नये. जुना फिल्टर इतक्यात उतरवू नका. नायट्राइट सलग दोन आठवडे शून्य राहिले की त्यातील स्पंज आधी काढा आणि रिंग त्यानंतर.